लाँचवर गरम पाणी: टाकी इंजिनाला जोडायची तर कुठून?

बामणोलीला किंवा तापोळ्याला केबिनची लाँच बांधून घेताना मोरीची जागा ठरली की पुढचा प्रश्न गरम पाण्याचा. डिसेंबर-जानेवारीत कोयनेच्या खोऱ्यात गार पाण्याची आंघोळ सगळ्यांच्याने होत नाही.

गॅस गिझर आधीच बाद करा. बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका, शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साठतो, आणि स्टार्टरची ठिणगीही तिथेच पडते. 2 किलोवॉटचा विजेचा गिझर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर 165 अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो, म्हणजे तोही नाही. उरतं इंजिन. डिझेलमधली बरीचशी उष्णता कूलंटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातून, तशीही फुकट जाते. तीच पाण्याच्या टाकीला द्यायची. 22 लिटर पाणी 25 वरून 65 अंशांवर न्यायला साधारण एक युनिट विजेइतकी उष्णता पुरते. 30 अश्वशक्तीचं इंजिन निम्म्या भारावर चालत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात टाकी तापते. वासोट्याच्या पायथ्याच्या फेरीत तेवढा वेळ मिळतोच. मात्र धक्क्याला इंजिन नुसतं घुरघुरत ठेवून पाणी तापवायला गेलात तर डिझेल जळेल आणि पाणी कोमटच राहील.

टाकीची रचना तांब्याच्या बंबासारखी, फक्त मधल्या नळीतल्या जाळाऐवजी वेटोळ्या नळीतून, म्हणजे कॉइलमधून, गरम कूलंट फिरतं.

आता तुमचं इंजिन थंड कसं होतं ते बघा. जलाशयाचं पाणी थेट इंजिनात खेचून बाहेर टाकणारी पद्धत असेल तर हा नाद सोडा. असं इंजिन बहुधा कमी तापमानावर चालतं, काहींना थर्मोस्टॅटच (इंजिन तापल्यावर आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह) बसवलेला नसतो, आणि पावसाळ्यातला गाळ कॉइलमध्ये बसतो तो वेगळाच. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, असेल तर विषयच संपला. हीट एक्स्चेंजर (कूलंटची उष्णता जलाशयाच्या पाण्याला देणारं उपकरण) किंवा बोटीच्या तळाला लावलेल्या पाइपांतून थंड होणारं बंद सर्किट असेल, तर कूलंट 80 अंशांच्या आसपास मिळतं. मग निवड दोन जोडण्यांत करायची.

एक सिरीज. थर्मोस्टॅटपासून इंजिनाच्या वॉटर पंपाकडे जाणारा बायपासचा होज, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट फिरवणारी रबरी नळी, कापायचा आणि कॉइल मध्ये घालायची. टी (तीन तोंडांचा जोड) लागत नाही, सामान कमी, आणि मिस्त्री अर्ध्या दिवसात मोकळा. इंजिन गार असताना बायपासचं सगळं कूलंट टाकीतून जातं, त्यामुळे सुरुवात झकास होते. खोट पुढे आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपास बंद करतो. म्हणजे इंजिन पुरतं तापलं की नेमका तेव्हाच टाकीचा प्रवाह आटतो. दुसरं असं की कॉइलची नळी बायपासपेक्षा अरुंद असेल तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या माथ्याच्या भागातलं, कूलंट फिरत नाही आणि एखादा कोपरा जास्त तापतो. त्यात कुणी कॉइलचा व्हॉल्व्ह बंद केला तर हेड गॅस्केटवरच (हेडखालच्या सीलवर) येतं.

दुसरी पॅरलल. ट्रकच्या केबिन हीटरसाठी हेडवर जे तोंड असतं तिथून, म्हणजे थर्मोस्टॅटच्या आधी, गरम कूलंट घ्यायचं आणि परतीचा होज वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडायचा. थर्मोस्टॅट उघडा असो वा बंद, टाकीला प्रवाह मिळतो. दोन्ही होजवर व्हॉल्व्ह बसवता येतात. टाकीकडे गळती झाली तर ते बंद करून इंजिन चालवत धक्क्याला येता येतं. शिवसागर जलाशयाच्या मधोमध हे फार मोलाचं आहे. खर्च थोडा जास्त येतो, पण निवड हीच करा. यात हमखास होणारी चूक एकच: दोन्ही टोकं एकाच पाइपवर जवळजवळ जोडणं. मग दोन्हीकडे दाब सारखाच, आणि कूलंट टाकीकडे फिरकतही नाही.

होज हीटरचाच घ्या, 16 किंवा 19 मिलिमीटरचा. बागेतली नळी उष्णतेने मऊ पडून क्लिपखालून निसटते. 16 मिलिमीटरच्या होजमध्ये मीटरला 200 मिलिलिटर कूलंट मावतं. जाता-येता 8 मीटर धरले तर दीड लिटरहून जास्त लागेल, कॉइलचं वेगळं.

सगळ्यात जास्त त्रास अडकलेल्या हवेचा. कॉइलचा माथा इंजिनाच्या हेडर टाकीच्या (कूलंट भरायच्या वरच्या टाकीच्या) झाकणापेक्षा खाली हवा. जागेअभावी टाकी वर चढवावीच लागली तर तिच्याहून उंचावर वेगळी हेडर टाकी बसवा. होजला मध्ये उंचवटा ठेवू नका. भरल्यावर इंजिन चालवून परतीचा होज हाताने चाचपा. तो गारच राहिला तर आत हवा आहे.

वापराच्या बाजूला थंड पाण्याच्या तोंडावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आणि टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह हवेतच. तापताना 22 लिटर पाणी जवळपास अर्धा लिटर फुगतं. नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून पाणी 45-50 अंशांवर आणा, नाहीतर लहान मुलं भाजतील.

या टाकीतलं पाणी चहाला वापरू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. कॉइल फुटली की नळाला पाणी देणारा पंप चालू असताना त्या पाण्याचा दाब बहुधा कूलंटपेक्षा जास्त असल्याने पाणी इंजिनात शिरतं आणि हेडर टाकी ओसंडते. पंप बंद असला आणि इंजिन तापलेलं असलं की उलट होऊन कूलंट नळाच्या पाण्यात उतरतं. हेडर टाकीची पातळी कारण नसताना वर किंवा खाली गेली तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि कॉइल दाबाखाली तपासून घ्या.