रामबागेतलं किराणा दुकान : पाचपैकी चार तारे

आधी मालाचं सांगते, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. इंदुरात पोहे कुठेही चांगलेच मिळतात. पण थालीपिठाच्या भाजणीला लागणारी ज्वारी-बाजरी, सालासकट उडीद, वास असलेले धणे आणि मिठाने पांढरी न पडलेली आमसुलं, हे सगळं एकाच गल्ल्यावर मिळणं मुश्कील. रामबागेच्या या दुकानात मिळतं. मी घरून भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ करून विकते, त्यामुळे धान्य मुठीत घेतल्याशिवाय मी घेत नाही. इथे पोत्यात हात घालू देतात. मालक मारवाडी, पण जन्म रामबागेतला. मराठी आमच्या पुण्याच्या भाच्यापेक्षा स्वच्छ बोलतात.

हे लिहायला बसले ते मात्र मालासाठी नाही. दुकानाच्या नावाखाली कोरोनाच्या काळातले एक-एक ताऱ्याचे शेरे अजून तसेच आहेत. ‘तेल दोनच पिशव्या देतो.’ ‘ओळखीला किंमत नाही.’ ‘काल म्हणाला उघडं राहील, आज बंद.’ वाचून मला राग आला. हे शेरे दुकानावरचे नाहीतच, ते सरकारवरचे आहेत. फक्त समोर सापडला तो सेठ.

आठवून बघा. 22 मार्च 2020 ला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, थाळ्या वाजवत आपलं निम्मं शहर राजवाड्यावर जमलं होतं. जत्राच म्हणा. त्यानंतर दहा दिवसांनी, 1 एप्रिलला, टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले. एका टोकाला उत्साह, दुसऱ्या टोकाला भीती, आणि मधे आम्ही, ज्यांना फक्त एवढंच कळायला हवं होतं की उद्या डाळ मिळणार की नाही. आणि विचारायचं कुणाला? भोपाळात कमलनाथांचं सरकार 20 मार्चला गेलं, 23 ला शिवराजसिंहांनी शपथ घेतली, दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मंत्री आले ते थेट 21 एप्रिलला. सेठ तेव्हा म्हणाले होते, “काकू, एवढं मोठं दुकान आणि महिनाभर गल्ल्यावर एकटा माणूस!” इकडे शहरातही महापौर आणि पार्षदांची, म्हणजे नगरसेवकांची, मुदत संपलेली, नवी निवडणूक झाली ती जुलै 2022 मध्ये. म्हणजे एरवी नळाला पाणी नाही म्हणून ज्या पार्षदाच्या ओट्यावर आपण भांडायला जातो, तो ओटाच नव्हता. मग सगळी भांडणं किराण्याच्या फळीवर आली.

फळी म्हणजे खरोखरची फळी. दाराशी तेलाचे दोन रिकामे डबे उभे करून त्यावर आडवी टाकलेली. पलीकडे सेठ, अलीकडे चुन्याचे गोल. पैसे ॲल्युमिनियमच्या ताटलीत टाकायचे. ती ताटली नोटांसकट पायरीवर उन्हात ठेवली जायची, वर अर्धा शेराचं जुनं वजन, नोटा उडू नयेत म्हणून. आणि बाजूला बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर निळ्या पेनाने दोन भाग केलेले. वरती ‘आजचा सरकारी नियम’, तारीख-वेळेसकट. हा भाग रोज बदलायचा, कधी दुपारी खोडून पुन्हा लिहिलेला असायचा. खाली ‘दुकानाचा नियम’: एका घराला तेल दोन पिशव्या, आटा पाच किलो, भाव मागच्याच महिन्याचा, उधारी चालू. हा भाग कधीच बदलला नाही. एका माजी पार्षदाचा माणूस साखरेचं अख्खं पोतं मागायला आला होता, त्यालाही पुठ्ठा दाखवला. मी समोरच उभी होते. मलाही दोनच पिशव्या मिळाल्या, आणि माझी तर खाद्यपदार्थांची ऑर्डर बुडत होती. पण शेजारणीला चार आणि मला दोन असं झालं नाही, त्यामुळे तोंड उघडायला जागाच नव्हती.

लोकांचा राग बंदीवर होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मार्चच्या शेवटी इंदुरात किराणासुद्धा बंद झाला, तेव्हा आमच्या गल्लीत कुरकुर झाली पण सगळ्यांनी पाळलं. कचऱ्याच्या पिवळ्या गाडीवरच्या माणसाकडे किराण्याची यादी द्यायची आणि सामान घरी येणार, ही नगर निगमची कल्पना तर लोकांनी उचलून धरली. गाडीची वाट बघणं इंदूरकराच्या अंगवळणी पडलेलंच आहे. चिडचिड झाली ती रात्री निघणाऱ्या आणि सकाळी लागू होणाऱ्या हुकमांची. त्या पावसाळ्यात बाजारात लेफ्ट-राइट आलं, एक दिवस डावीकडची दुकानं, एक दिवस उजवीकडची. त्यातच अंडी विकणाऱ्या एका पोराचा ठेला उलटवल्याचा व्हिडिओ फिरला, आणि त्याने निगमच्या माणसांवर पैसे मागितल्याचा आरोप केला. देशभरातून त्या पोराला मदत आली. सेठ कधी राजकारण बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले: “दंड करा, ठेला जप्त करा. माल रस्त्यावर ओतायचा अधिकार कुणाला आहे?” व्यापारी माणूस, त्याला पहिल्यांदा अंडीच दिसणार.

2021 च्या एप्रिलची गोष्ट वेगळी. दवा बाजारात रेमडेसिविरसाठी रांगा, खंडवा रोडला राधास्वामी सत्संगाच्या मैदानात कोविड केंद्र. तेव्हाच्या कोरोना कर्फ्यूबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. उलट सेठ अर्धा दिवसच फळी टाकत होते तरी ‘तेवढंही कशाला उघडता’ म्हणणारे होते. त्यांच्या घरातही तेव्हा दोघं आजारी होते. ते लिहिणारी मी कोण, म्हणून सोडून देते.

आणि मग मे. आजारी कमी व्हायला लागले, 1 जूनपासून सुटका होईल असं सगळे धरून चालले होते, आणि नेमका तेव्हा हुकूम निघाला की 28 मेपर्यंत किराणा, भाजी, फळं सगळं बंद. सत्ताधारी पक्षातल्याच लोकांना तो पटला नाही, मग गल्लीचं काय सांगावं. बातमी पसरल्यावर फळीपुढे जी झुंबड उडाली ती आधीच्या वर्षभरात मी पाहिली नव्हती. गर्दी टाळायला काढलेल्या हुकमाने गर्दी केली, दुसरं काय. एक काका ओरडत होते, “परवा तूच म्हणालास ना, उघडं राहणार म्हणून?” सेठ तांदूळ तोलता तोलता म्हणाले, “काका, मी दुकानदार. कलेक्टर असतो तर तुम्हाला आधी सांगितलं असतं.” रांगेतली माणसं हसली, काका नाही हसले. बहुधा त्यांचाच तो ‘आज बंद’वाला तारा असावा.

बंदीच्या त्या दिवसांत मागच्या दाराने माल विकणारेही होते शहरात, दामदुप्पट भावाने. इथे ते झालं नाही. उधारीची वही मात्र वर्षभर चालली. आमच्या समोरच्या रिक्षावाल्याने त्याची बाकी 2022 ची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, होऊन गेल्यावर फेडली, त्याला कधी टोकलेलं मी ऐकलं नाही.

आता एक तारा का कापला ते. वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे नसतो, सेठांकडे असतो. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, ‘फिरवतो, फिरवतो’ म्हणतात, फिरवत नाहीत. पावसाळ्यात शेंगदाण्याला खवट वास येतो. मुलगा हल्ली फोनवर ऑर्डर घेतो, तो जाडे पोहे सांगितले की पातळ पाठवतो आणि वर वाद घालतो; बापाचा एकही गुण घेतलेला नाही. घरपोच सामान संध्याकाळचं सांगतात, येतं दुसऱ्या दिवशी.

भाजणीचं धान्य हवं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, तोवर सेठ स्वतः असतात. गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळत नाही. दिवाळीचं सामान नवरात्रातच सांगून ठेवा. आणि शेंगदाणे घेताना एक तोंडात टाकून बघा, ते काही म्हणत नाहीत.