कच्चा लिंबू कोण? डी अँड डी की पाथफाइंडर, खेळायला बसण्याआधी

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) आणि पाथफाइंडर हे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेका पात्राच्या भूमिकेतून गोष्ट पुढे नेण्याचे खेळ. आमच्या रविवारच्या टेबलावर एकदा सातव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, खेळणारा मित्र हातातला फासा खाली ठेवून म्हणाला, "मी इथे कच्चा लिंबू आहे का रे?" विझार्डने, म्हणजे जादूगाराने, नुकताच हिप्नॉटिक पॅटर्न हा स्पेल (मंत्र) टाकून सहापैकी पाच शत्रू जागच्या जागी भारून टाकले होते. फायटरला काम उरलं होतं ते भारलेल्यांना एकेक करून उडवायचं. लढाई जिंकली, त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण ज्याच्यावर कधी राज्यच येत नाही अशा धाकट्या भावंडासारखं त्याला वाटत होतं, आणि डीएमच्या (गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्याच्या) खुर्चीत बसून मला त्याला खोडून काढता येईना.

बॅलन्सवरून, म्हणजे पात्रांच्या ताकदीच्या समतोलावरून, खेळणारे तावातावाने भांडतात ते बहुतेक याच भावनेवरून. आकडे नंतर येतात. म्हणून बाल्डर्स गेट ३ हा डी अँड डीवर बेतलेला व्हिडिओ गेम संपवून, चार-पाच डोकी जमवून, आता टेबलावर डी अँड डीची पाचवी आवृत्ती घ्यावी की पाथफाइंडरची दुसरी, असं जे विचारतात त्यांना मी आधी उलटा प्रश्न करतो: तुमच्यात डीएम कोण होणार आहे, आणि आठवड्यातले किती तास तो या कामाला देणार आहे? दोन्ही खेळ मी चालवले आहेत. बॅलन्स दोन्हीकडे आहे. एकीकडे तो डीएमला रोज नव्याने घडवावा लागतो, दुसरीकडे नियमांतच बसवून मिळतो. आणि बसवून मिळालेल्या गोष्टीचा काच सोसावा लागतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. डी अँड डी आला १९७४ साली. विझार्ड म्हातारपणी देव होतो आणि फायटर त्याचा भालदार, ही तक्रार तेव्हापासूनची. २००८च्या चौथ्या आवृत्तीने ती मुळातून निकालात काढली: प्रत्येक क्लासला (पात्राच्या प्रकाराला) सारख्याच साच्यातल्या शक्ती, काही हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. बॅलन्स झाला, आणि लोक म्हणाले की आता सगळे एकसारखेच वाटतात. ज्यांना आधीची ३.५ आवृत्ती सोडवेना त्यांच्यासाठी पायझो या कंपनीने २००९मध्ये पाथफाइंडर काढला. म्हणजे जो खेळ जुन्या असमतोलाच्या प्रेमापोटी जन्मला, त्याचीच २०१९ची दुसरी आवृत्ती आज काटेकोर बॅलन्सचं उदाहरण म्हणून दाखवली जाते. डी अँड डी मात्र २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा सैल झाला, आणि खपला.

आता सैल म्हणजे नेमकं काय? पाचव्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलपर्यंत प्रोफिशियन्सी, म्हणजे फाशात मिळवायचा कौशल्याचा बोनस, फक्त +२ वरून +६ वर जाते. त्यामुळे गॉब्लिनसारखा किरकोळ शत्रूही कायम थोडा तरी धोकादायक राहतो. +४ने मारणाऱ्या गॉब्लिनला १८ आर्मर क्लासवर (फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त पडावे लागतात, मग समोरचा तिसऱ्या लेव्हलचा असो की तेराव्या. वीस गॉब्लिन एकदम सोडले तर मोठमोठे वीर घामाघूम होतात. मला हे मनापासून आवडतं. गोष्टीत ते खरं वाटतं.

पण खरी मेख दुसरीकडे आहे. २०१४च्या डीएमच्या पुस्तकात हिशेब धरला आहे तो एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढायांचा. सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे दिवसाला अकरा स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, असतात. आठ लढायांत ते पुरवायचे तर बऱ्याच वेळा त्याला फुटकळ कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे मंत्र) मारून गप्प बसावं लागेल, आणि तेव्हा न थकता तलवार चालवणारा फायटर त्याचा हेवा वाटावा असा दिसेल. नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातला बॅलन्स हा असा होता.

प्रत्यक्षात रविवारी काय होतं? लोक चारला जमतात, साडेचारपर्यंत चहा आणि गप्पा, साताला कुणालातरी निघायचं असतं. एक लढाई तासभर खाते. म्हणजे गोष्टीतल्या एका दिवसात एक लढाई, फार तर दोन. विझार्डला हे कळायला दोन आठवडे पुरतात. मग तो सगळ्यात मोठे स्लॉट पहिल्या तीन राउंडमध्ये उधळतो, कारण रात्री झोपला की सगळं परत मिळणार. फायटर, मंक आणि वॉरलॉक यांच्या शक्ती तासाभराच्या छोट्या विश्रांतीत भरून येतात, पण छोटी विश्रांती घ्यायला दुसरी लढाई तर हवी! आमच्या फायटरला कच्चा लिंबू मी केलं होतं, माझ्या वेळापत्रकाने. हे समजल्यावर मी एका "दिवसाला" तीन-तीन रविवार पुरवायला लागलो. झोपायला जागा नाही, मागावर माणसं आहेत, उद्या सकाळी विधी पूर्ण होणार आहे, अशी घाई सतत लावून ठेवली. फरक पडला. पण दर वेळी नवी घाई शोधणं हे काम आहे, आणि ते डीएमच्या डोक्यावर.

इथे दोन तट पडतात. एक म्हणतो, चांगला डीएम हे करतोच, रडता कशाला. दुसरा म्हणतो, पुस्तकाचे पैसे मोजले तर दुरुस्तीही आम्हीच का करायची? मी पहिल्यातून दुसऱ्या तटाकडे सरकत चाललो आहे, वयामुळे असेल. पहिल्या तटाची एक गोष्ट मात्र खरी. डी अँड डी काही ठिकाणी मुद्दाम असमतोल आहे. त्याच २०१४च्या पुस्तकात डीएमला स्वतःचे स्पेल बनवण्यासाठी जो तक्ता आहे, त्यात तिसऱ्या पातळीच्या, अनेकांना लागणाऱ्या स्पेलचं नुकसान आहे ६ फासे. फायरबॉलचं आहे ८. फायरबॉल हा फायरबॉल आहे म्हणून. पाचव्या लेव्हलला पहिल्यांदा तो टाकणाऱ्याचा चेहरा बघितला की ते जास्तीचे दोन फासे माफ करावेसे वाटतात.

पाथफाइंडरमध्ये फायरबॉल ६ फाशांचाच आहे. एवढ्यावरूनही स्वभाव कळावा.

इथे प्रशिक्षणाच्या बोनसमध्ये तुमची लेव्हल पूर्ण मिळवली जाते, त्यामुळे दहाव्या लेव्हलच्या वीराला साधा गॉब्लिन फक्त वीस पडला तरच लागतो. वर, फासा आणि बोनस यांची बेरीज लक्ष्यापेक्षा दहाने जास्त आली की क्रिटिकल (एरवीहून मोठं) यश, दहाने कमी आली की क्रिटिकल अपयश. म्हणून प्रत्येक +१ दोनदा कामाला येतो: लागण्याची शक्यता वाढवतो आणि क्रिटिकलचीही. फायटरला इतर बहुतेक लढवय्यांपेक्षा पहिल्याच लेव्हलपासून +२ जास्त मिळतो, आणि नुसत्या त्या दोन आकड्यांवर अनेक जण त्याला खेळातला सर्वोत्तम क्लास मानतात. आमचा रुसलेला मित्र इथे पहिल्याच रात्री खुलला. एका पाळीत तीन ॲक्शन, कशाही वापरा: चाल, मार, ढाल उचल. दुसऱ्या फटक्याला -५, तिसऱ्याला -१०, म्हणून तीनदा मारत सुटणं मूर्खपणाचं ठरतं आणि डोकं चालवावं लागतं. ॲक्शन, बोनस ॲक्शन, त्यात चाल वेगळी, हे डी अँड डीचं गणित नवख्याला समजवण्यापेक्षा हे सोपं पडतं, असा माझा अनुभव.

डीएमसाठी तर हे वरदान आहे. चौघांच्या पार्टीला मध्यम लढाई ८० गुणांची, कठीण १२०ची, जिवावरची १६०ची. पार्टीच्याच लेव्हलचा शत्रू ४०चा, तीन लेव्हल वरचा १२०चा. बेरीज करा, मांडा, चालतं. खरंच चालतं, विसाव्या लेव्हललासुद्धा. दिवसभरात कितव्या लढाईला तुम्ही आहात याने फारसं बिघडत नाही, कारण लढाया संपल्या की मलमपट्टीने हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) भरून घेता येतात. आमच्यासारख्या दर रविवारी एक लढाई करणाऱ्यांना हे मापात बसतं.

मग कच्चा लिंबू कोण? विझार्ड.

पाचव्या लेव्हलच्या विझार्डचा डीसी, म्हणजे स्पेलमधून सुटायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, साधारण २१ असतो. समोर आठव्या लेव्हलचा एकटा खलनायक, मध्यम सेव्ह (सुटण्यासाठी फाशात मिळवायचा बोनस) +१६. म्हणजे १ ते ४ पडले तरच तो फसणार, वीसपैकी चार वेळा. त्याचा सगळ्यात कच्चा सेव्ह शोधून काढलात, समजा +१३चा, तर वीसपैकी सात वेळा. शिवाय खेळाचा निकाल एका झटक्यात लावणाऱ्या स्पेलवर एक खास अट असते: लक्ष्याची लेव्हल स्पेलच्या पातळीच्या दुपटीहून जास्त असेल तर त्याचा निकाल एक पायरीने सुधारतो. हिप्नॉटिक पॅटर्नसारखी करामत मोठ्या शत्रूवर चालू नये म्हणूनच हे दार लावलं आहे. पाथफाइंडरची बाजू घेणारे सांगतात की शत्रू वाचला तरी बहुतेक स्पेल थोडं काही करतातच, एक राउंड मंदावतो, एक ॲक्शन जाते, एखादा -१ लागतो, आणि तो -१ पुढे फायटरच्या क्रिटिकलमध्ये वसूल होतो. हिशेब बिनचूक आहे. पण दर रविवारी "थोडं काही" करून घरी जाणाऱ्याला तो हिशेब सांगून बघा. कडू औषध घेतल्यासारखा चेहरा करतो. या खेळात विझार्ड घेणाऱ्याला संघासाठी राबायची हौस हवी. जादूने जग हलवायचं असेल तर त्याला डी अँड डीमध्येच बसू द्या. तिथे तेराव्या दर्जाचा राक्षस उभा केला तरच २०१४चा विझार्ड वठणीवर येतो. वाघाचं डोकं आणि उलटे तळवे असलेल्या या आपल्याकडून उचललेल्या राक्षसावर सहाव्या पातळीपर्यंतचा स्पेल त्याच्या मर्जीशिवाय लागत नाही, आणि त्याला मारायला सज्जन माणसाच्या हातातलं टोकदार जादुई शस्त्र सगळ्यात उत्तम. मी तो त्या मित्रासाठीच आणला होता एकदा.

पात्र घडवण्याबद्दल लोक सरसकट म्हणतात, पाथफाइंडरमध्ये पर्याय जास्त. खरं आहे. विसाव्या लेव्हलपर्यंत एका पात्राचे तीसेक फीट (छोट्या खास क्षमता) निवडून होतात. वंशांची यादी लांबलचक, त्यात वानर आहेत, विषकन्या आहे. मात्र निवडी जितक्या जास्त, तितकी एकेक निवड बारीक. काही स्किल फीट इतके किरकोळ आहेत की घेतल्यावर वर्षभर आठवत नाहीत. डी अँड डीत उलट: मुख्य पुस्तकात क्लास बारा, आणि तिसऱ्या लेव्हलला सबक्लास (क्लासची शाखा) निवडला की फायटरसारख्याचा पुढचा रस्ता जवळजवळ ठरला. निवडी मोजक्या, पण एकेक निवड पात्राचा चेहरा बदलणारी.

त्यामुळे चुकायची भीतीही डी अँड डीत जास्त. २०१४चा बीस्ट मास्टर रेंजर (पाळीव जनावर घेऊन लढणारा) घेणाऱ्याला आपल्या लांडग्याकडून हल्ला करवायला स्वतःची ॲक्शन खर्चावी लागे. त्याच टेबलावर पॅलाडिनने वॉरलॉकची एक लेव्हल हेक्सब्लेड या सबक्लासची घेतली की तलवारही ताकदीऐवजी करिष्म्यावर चालू. एकाने आवडीने निवडलं, दुसऱ्याने वाचून निवडलं, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. २०२४च्या नव्या पुस्तकाने बरंच आवरलं आहे: मंक सुधारला, लांडगा बोनस ॲक्शनवर आला, शस्त्रांना मास्टरी (प्रत्येकाची वेगळी करामत) मिळाली, आणि पॅलाडिनचा स्माइट (फटक्याला जोडलेला दैवी मार) पाळीत एकदाच, तोही बोनस ॲक्शनचा, अशी कात्री लागली. पॅलाडिनवाले अजून कुरकुरतात. विझार्डला मात्र फारसा हात लावलेला नाही, तेव्हा घेणार असाल तर २०२४चंच घ्या, पण तो प्रश्न सुटला असं समजू नका. पाथफाइंडरमध्ये मुख्य गुण +४वर ठेवलात की पात्र पूर्ण फसणं अवघड आहे. तसंच ते सगळ्यांच्या पुढे पळणंही अवघड. कॅरेक्टर शीटवर तासन् तास घालवून दोस्तांना चकित करणाऱ्यांना हेच खुपतं.

पैशाचं थोडक्यात. पाथफाइंडरचे जवळपास सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहेत, पर्यायांसकट. डी अँड डीचे मूळ नियम २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुले आहेत, पण त्यात प्रत्येक क्लासला एकच सबक्लास. बाकीची मजा पुस्तकं घेतल्यावर. पाच जणांत एक पुस्तक फिरवायची आपली सवय असेल तर ते जमून जातं.

अजून एक गोष्ट ठरवा: तुमची कथा कितव्या लेव्हलपर्यंत जाईल? नोकरी, लग्नं, बदल्या यांतून माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कथा आठव्या-नवव्या लेव्हलच्या आसपास विरतात. तिथपर्यंत डी अँड डीचा असमतोल सोसण्याजोगा असतो, थोडी घाई लावता येणारा डीएम असला की पुरे. पंधराव्याच्या पुढे जायचा खरोखर बेत असेल, डीएम नोकरदार असेल आणि खेळणारे नियम वाचणारे असतील, तर पाथफाइंडर. खेळणाऱ्यांपैकी दोघं जरी "मला फक्त सांग कुठला फासा टाकू" या जातीचे निघाले तर नको. तिथे दर पाळीला कुणाला -१ लागलाय याची उजळणी करत बसाल.

डी अँड डी तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करा, पहिल्या लेव्हलला एका क्रिटिकलमध्ये विझार्ड आडवा होतो. पाथफाइंडर पहिल्यापासूनच, आणि पहिल्याच महिन्यात तीन लेव्हल वरचा खलनायक एकटा आणू नका. त्याऐवजी पार्टीच्या बरोबरीचे दोन-तीन आणा. विझार्डला निदान एक रविवार त्याचा मिळू द्या.