साडेतीन हजारांत शिकलेला 'टेक'

इंदूरला एमवाय हॉस्पिटलजवळच्या मेडिकल स्टोअरवर मी २२ वर्षं काउंटर सांभाळून राहिलोय. (पुण्याच्या आत्याला हे 'सांभाळून राहिलोय' खटकतं. आम्ही इंदूरचे मराठी असेच बोलतो, इलाज नाही.) गेल्या पावसाळ्यात केरळच्या एक सिस्टर स्वतःसाठी गोळ्या घ्यायला आल्या. मी झोकात सांगितलं, "सिस्टर, ईट वन मॉर्निंग, ईट वन नाइट." त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली, हसू दाबलं आणि म्हणाल्या, "ओके, आय विल टेक." नर्सला गोळीचं शिकवायला मी निघालो होतो, तेही चुकीच्या इंग्रजीत! गोळी इंग्रजीत 'ईट' नाही, 'टेक' करतात.

दिवसभर गिऱ्हाइकांना "दवाई खा लेना" सांगून तोंडात तेच बसलेलं. म्हणून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. दोन महिने, आठवड्यात तीन दिवस, सकाळी ७ ते ८, फी ३,५०० रुपये. तक्रारीही लिहिणार आहे, म्हणून क्लासचं नाव टाकत नाही.

सर शिकवतात हिंदीतून, कारण बॅचमध्ये मराठी आम्ही दोघंच. 'टेक'वर त्यांनी सलग दोन दिवस घालवले आणि माझ्या मते फी तिथेच वसूल झाली. फळ्यावर आधी लिहिलं, टेक म्हणजे लेना. मग एकेक वाक्य देत स्वतःच ते मोडत गेले. फोटो 'खींचना', जूते 'उतारना', खून 'निकालना', छुट्टी 'लेना'. इंग्रजीत चारही ठिकाणी टेक, बुटांना फक्त पुढे 'ऑफ' जोडायचं. बाकीचे सगळे हिंदीतली चार वेगळी क्रियापदं पाठ करत होते. मी वहीत मराठी लिहीत गेलो आणि थांबलोच. फोटो काढला, बूट काढले, रक्त काढलं, सुटी काढली. आपलं एकच 'काढणं' चारही ठिकाणी चाललं की! शेजारच्या काकूंना वही दाखवली, तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, खरंच." फार विसंबू मात्र नका. चित्र काढलं की ड्रॉ, आणि दुकान काढलं तर ओपन.

वेळेचंही तसंच. रामबागेतून दुकानापर्यंत पंधरा मिनिटं लागतात, तिथे 'इट टेक्स फिफ्टीन मिनिट्स'. आपल्याकडे 'लागतं', त्यांच्याकडे 'टेक'. ब्रिंग म्हणजे आण आणि टेक म्हणजे ने, हे मात्र फार समजवावं लागलं नाही.

सर मधूनच गोष्टीही सांगतात. टेक हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच म्हणे. हजारेक वर्षांपूर्वी व्हायकिंग लोकांबरोबर तो इंग्लंडात आला. त्याआधी 'घेणं' यासाठी तिथे 'निमान' होता, तो मागे पडला. त्याचाच एक अवशेष म्हणजे 'नम', बधिर. संवेदना घेतली गेलेला. दाढेच्या इंजेक्शनचं रोज ऐकतो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सगळ्यात मोठी फजिती परीक्षेच्या दिवशी झाली. सरांनी विचारलं, "हू इज टेकिंग द टेस्ट टुडे?" आम्ही सगळे एका सुरात, "सर, यू!" आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतो. इंग्रजीत बरोबर उलट, टेक करणारा विद्यार्थी. माझा मुलगा इतकी वर्षं 'आय गेव्ह माय एक्झाम' म्हणत आलाय आणि मी मान डोलावत आलोय.

आता तक्रारी. बॅच १० जणांची सांगतात, आम्ही २३ होतो, मागच्या बाकावर बोलायची पाळी येतच नाही. झेरॉक्सच्या नोट्स इतक्या फिक्या की उजेडात धरून वाचाव्या लागतात. बुडलेला तास भरून देत नाहीत. माझे दोन गेले, मेव्हण्याच्या लग्नात. आणि 'टेक'चं भूतकाळी रूप सर 'टूक' असं लांबवून म्हणतात. मोबाइलवर ऐकून बघा, तो आखूड 'टुक' आहे.

तरी सकाळच्या बॅचला जा, पुढचा बाक धरा आणि पहिल्याच दिवशी पावती मागून घ्या. संध्याकाळी गर्दी आणखी असते. आणि सर काहीही म्हणोत, वही मराठीतच लिहा.