डोकं जागेवर, की उजव्या पायावर भार?

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याखालच्या माळावर मी सकाळी गोल्फचा फटका मारताना दोन्ही पद्धती करून पाहतो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगतोय). ऊन पाठीवर घ्यायचं, डोक्याची सावली पडते तिथे दगड ठेवायचा आणि क्लब (गोल्फची काठी) मागे नेताना सावली हलते का ते पाहायचं.

अंग उजवीकडे सरकवलं की ताकद वाढल्यासारखी वाटते. पण क्लबच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदूही सरकतो. तेवढंच परत पुढे येता आलं नाही, तर क्लब आधी मातीत घुसतो किंवा चेंडूच्या माथ्यावर बसतो. चेंडूचा व्यास जेमतेम 42.67 मिमी, त्यामुळे बोटभर चूकही महागात पडते.

डोकं मध्ये ठेवलं, तर खांदे जात्याच्या वरच्या दगडासारखे मधल्या खिळ्याभोवती फिरतात. नामवंत गोल्फपटू जॅक निक्लसचं डोकं हलू नये म्हणून लहानपणी त्याचे केस धरून सराव करून घेत! मान मात्र आवळू नका, खांदे अडतात; चेहरा थोडा वळला तरी चालतो.

लोखंडी क्लबसाठी माझं मत ठाम आहे: डोकं जागेवरच. ड्रायव्हरला (लांब फटक्याचा क्लब) चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो, तिथे डोकं सुरुवातीपासूनच चेंडूच्या किंचित मागे ठेवा.