विम्याची ऑफर घ्यायची की केस चालवायची?

माझ्या मावसभावाच्या बाइकला जोगेश्वरीजवळ टेम्पोने उडवलं. पायात रॉड बसवावा लागला, आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक गृहस्थ शहाळं घेऊन हजर. टेम्पोच्या विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर. (गाडीचं नुकसान बघतो तो सर्व्हेअर, हा वेगळा.) "घाईत होतात का हो?" त्याने सहज विचारलं. "हो, उशीर झालेला जरा," भाऊ म्हणाला. पुढे कंपनीच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) तेच वाक्य 'चूक अर्जदाराचीही होती' असं होऊन आलं. चहापाणी विचारा, पण जबाब एफआयआर आणि पंचनामा हातात आल्यावरच द्या.

पहिला रस्ता तडजोडीचा. 1 एप्रिल 2022 पासून पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल ट्रायब्युनलला (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला) द्यायचा असतो. कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने तडजोडीचा आकडा ट्रायब्युनलसमोर मांडायचा. मान्य केलात तर 30 दिवसांत पैसे, नाकारलात तर केस पुढे चालते. नाकारण्यात धोका नाही, घाईने स्वीकारण्यात आहे. गंभीर दुखापतीला चूक कोणाची हे सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली अडीच लाख मिळतात, पण या मार्गाने ते घेतले की तुमचा मोठा दावा संपतो. घरी आणलेल्या 'फुल अँड फायनल' व्हाउचरवर तर सहीच नको.

दुसरा रस्ता पूर्ण सुनावणीचा. वेळ लागतो, तारखा पडतात. पण हिशोब बघा. वय 34, महिना 20,000 कमाई, कामाच्या दृष्टीने अपंगत्व 20 टक्के. वर्षाचे 2,40,000, भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 3,36,000, त्याचे 20 टक्के 67,200, गुणिले 16 (या वयाला ठरलेला गुणक). झाले 10,75,200. उपचार, वेदना, व्याज वेगळं. यातला 'कामाच्या दृष्टीने' हा शब्द महत्त्वाचा. राजकुमार खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की डॉक्टरच्या टक्क्यांपेक्षा धंद्यावर झालेला परिणाम बघायचा. तोच पाय टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचा आणि दिवसभर जिने चढणाऱ्या कुरिअरवाल्याचा सारखा नाही.

म्हणून माझं मत: हाड जुळून अपंगत्वाचा दाखला मिळेपर्यंत कुठलाही आकडा ऐकून घ्या, मान्य करू नका. दावा मात्र सहा महिन्यांच्या आत दाखल करून ठेवा. अंधेरीत राहात असाल आणि अपघात पुण्याकडे झाला असेल, तरी मुंबईत दाखल होतो. दुखणं मुक्या माराचं असेल, दोन आठवड्यांत कामावर गेला असाल, तर पहिलीच ऑफर घेऊन मोकळे व्हा.

मेडिक्लेमने बिल भरलंय म्हणून उपचाराचा खर्च वजा करू, असं कंपनी म्हणते. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने असं वजा करता येत नाही असं ठरवलंय. हॉस्पिटलबाहेर 'टक्क्यावर केस घेतो' म्हणणाऱ्यांनाही टाळा. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांना नियमानेच मना आहे.

मधला रस्ता लोकअदालत. वेळ वाचतो, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. भावाने तिथेच मिटवलं. पहिल्या ऑफरच्या जवळपास दुप्पट मिळाले. रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च मात्र आकड्यात धरायचा राहून गेला.