समुद्रही हवा, थंडीही हवी: श्रीलंका की मॉरिशस?

बेटावरची सुट्टी म्हणजे आठवडाभर तीच वाळू आणि तोच घाम, असं वाटून जे मागे सरतात त्यांच्यासाठी हा आढावा. एकाच सहलीत समुद्र, डोंगर, जंगल आणि जमलीच तर थोडी थंडी हवी असेल, तर मुंबईहून थेट विमानाने गाठता येणारी दोन बेटं समोर येतात. जाहिरातीत दोन्ही सारखीच निळी-हिरवी दिसतात. प्रत्यक्षात दोघांची तऱ्हा निराळी.

श्रीलंकेत हवा बदलते ती उंचीमुळे. कोलंबोत दमट उकाडा, आणि डोंगरातलं नुवारा एलिया गाव जवळपास 1,870 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही 500 मीटर उंच. तिथलं सरासरी तापमान 16 अंशांच्या आसपास असतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे कधीकधी गवतावर हिमकण पडतात. रात्री स्वेटर नव्हे, जाड रजई लागते. जवळच सीता एलियाचं मंदिर आहे. बरोबर आजी-आजोबा असतील तर ते चुकणार नाही. त्याहून वर हॉर्टन प्लेन्सचं पठार. तिथल्या ‘वर्ल्ड्स एंड’ कड्यावर सकाळी नऊ-दहानंतर बहुधा ढग चढतात, म्हणून अंधारातच निघावं लागतं. उशिरा पोचलात तर पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढून परत या.

खरी गंमत उतरताना आहे. चहाचे मळे, एल्लाचा घाट, रावणा धबधबा, आणि दोन-तीन तासांत ‘याला’ राष्ट्रीय उद्यानाचं कोरडं काटेरी रान, जिथे बिबटे आणि हत्ती दिसतात. सकाळी कानटोपी, दुपारी सुती शर्ट. पण याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते: कोलंबो ते नुवारा एलिया गाडीने पाचएक तास, सगळी वळणं. दर दोन रात्रींनी बॅगा भरायच्या. कँडी-एल्ला रेल्वे सुंदर आहे, पण दरडींमुळे मार्ग बंद पडतो, तेव्हा निघण्यापूर्वी ती सुरू आहे ना हे बघूनच बेत आखा.

मॉरिशसचं उलट आहे. बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब, 45 रुंद. सर्वांत उंच शिखर 828 मीटर. थंडी म्हणावी अशी इथे नाही. फरक आहे तो पावसाचा. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर पाणी सांडतात आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. पठाराच्या काही भागांत वर्षाला 4,000 मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिमेला हजाराच्या आत. महाबळेश्वर आणि वाईचंच गणित. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकला उन्हात पोहून अर्ध्या-पाऊण तासात पठारावरच्या क्युरपिपला जावं तर धुकं आणि भुरभुर. शामारेलची सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हरची दरी, पठारावरचा गंगातलाव, दक्षिणेला ग्री-ग्रीचा खवळलेला समुद्र (तिथे प्रवाळाची कडा तुटलेली आहे, पोहू नका) हे सगळं एकाच मुक्कामावरून होतं. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे गाडी स्वतः चालवता येते. शिवाय एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज इथे आहेत आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

निवड मात्र बहुतेकदा आपल्या सुट्टीच्या महिन्यावर ठरते. दिवाळीत मॉरिशस: ऑक्टोबर-नोव्हेंबर तिथला कोरडा, उबदार काळ. श्रीलंकेत तेव्हा जवळपास सगळीकडे दुपारच्या सरी असतात. नाताळात पारडं फिरतं. श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा आणि मिरिसाचे देवमासे तेव्हा उत्तम. मॉरिशस तापलेलं, आणि जानेवारी ते मार्च वादळांची धास्ती. मे महिन्यात कोलंबोच्या बाजूला मान्सून थडकतो, पण पूर्व किनाऱ्यावरचे त्रिंकोमाली आणि अरुगम बे तेव्हा उघडे असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. मॉरिशसचा हिवाळा त्याच सुमारास सुरू होतो: हवा सुखद, पण पूर्व किनाऱ्यावर वारा फार. तेव्हा हॉटेल पश्चिमेला घ्या.

निव्वळ विविधता मोजायची तर श्रीलंका सरळ जिंकते, वाद नाही. पण हाताशी पाचच रात्री असतील, किंवा बरोबर गाडी लागणारं लहान मूल असेल, तर मी मॉरिशसच सुचवेन. श्रीलंकेला किमान आठ रात्री द्या, आणि त्यातल्या दोन डोंगरात.