भाड्याचे पैसे आणि अडलेलं वाक्य

फोंडा ते पणजी, येता-जाता कदंबाच्या बसमध्ये चार दिवसांत आयरिश लेखिका सॅली रूनीची 'नॉर्मल पीपल' वाचून काढली. पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून भाचीने स्वतःसाठी आणली होती. "मामा, तुला नाही रुचायची, दोघं नुसती जवळ येतात नि लांब जातात," असं वर बजावलंही.

गोष्ट खरंच तेवढीच. 2018 ची कादंबरी. आयर्लंडमधलं लहान गाव, शाळेचं शेवटचं वर्ष. कॉनेलची आई लोरेन मॅरिअ‍ॅनच्या मोठ्या घरी साफसफाईला जाते. आईला न्यायला येता येता त्याचं मॅरिअ‍ॅनशी जुळतं. शाळेत मात्र तो तिला ओळख देत नाही. त्याचा तिथे रुबाब, ती एकलकोंडी. मित्र हसतील ही भीती.

मी मुंडकाराचा मुलगा, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्याचा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आई भाटकाराकडे तांब्याची भांडी घासायला जायची, चिंचेने बोटं काळी व्हायची. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. ती हसायची, मी मान फिरवायचो, कारण चारचौघांत तिने माझ्या आईचं नाव काढलं तर? एकदा आईने पाहिलं. "कित्याक उलयना तूं ताचेकडेन?" तिच्याशी का बोलत नाहीस, एवढंच विचारलं, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. कादंबरीत शाळेच्या नाचाला मॅरिअ‍ॅनला सोडून कॉनेल दुसरीलाच विचारतो, तेव्हा लोरेन चिडून त्याच्या गाडीतून उतरते, बसने जाईन म्हणते. ते पान वाचताना बाणस्तारीचा पूल कधी मागे गेला, कळलं नाही.

पुढे दोघं डब्लिनला, ट्रिनिटी कॉलेजात. आता पारडं फिरतं: तिच्याभोवती माणसं, हा कोपऱ्यात. उन्हाळ्यात त्याचं काम सुटतं, खोलीचं भाडं परवडेना. "तुझ्याकडे राहू का?" एवढंच विचारायचं असतं. तोंडातून निघतं भलतंच, गावी जातो म्हणून. तिला वाटतं, याला आपण नको झालो. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. भाड्यापायी सगळं मोडतं. श्रीमंताला हे सुचणारही नाही आणि गरिबाच्या तोंडून निघणार नाही, हे रूनीबाईंनी नेमकं पकडलंय.

संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. पहिली वीसेक पानं कोण बोलतंय तेच कळेना, मग सवय झाली. मॅरिअ‍ॅन स्वीडनला जाते तो भाग मात्र मला कंटाळवाणा वाटला. तो फोटो काढणारा लुकास आणि मॅरिअ‍ॅनचा भाऊ अ‍ॅलन, दोघंही नुसते वाईट. कॉनेलच्या गप्प राहण्याला जशी कारणं आहेत तशी यांच्या वागण्याला मला सापडली नाहीत.

भाचीला म्हटलं, त्याने सरळ विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "तू विचारलं असतंस?"

पुस्तक शनिवारी परत करायचंय. तेवढं एक पान आज पुन्हा वाचतो.